वाडा, मजला आणि परवानगी

मराठी माणसाचा वाडा एका वेळी बांधून होत नाही. तो वाढत जातो. थोरल्याचे लग्न झाले की माडीवर एक खोली चढते, धाकट्याचे झाले की मागील चौकाला पडवी निघते, गाईगुरे गेली की गोठ्याचे बिऱ्हाड होते आणि भाऊ वेगळे झाले की ओसरीच्या मधोमध भिंत उभी राहते. चार पिढ्यांच्या गरजा, भांडणे, मंगलकार्ये व कर्जे यांचा जमाखर्च जणू दगडविटांत मांडलेला असतो. अशा घरासंबंधी कोणी विचारले की, ‘हे बांधून पुरे केव्हा झाले?’, तर त्याचे खरे उत्तर एकच आहे : ते अजून पुरे झालेले नाही.

परंतु इतिहास ज्या घराला आपले म्हणतो, किंवा ज्या घराच्या शेजारी येऊन बसतो, त्या घराचे वाढणे एका विशिष्ट दिवशी थांबते. त्यानंतर एक मजला चढवायचा तर पैसा व गवंडी एवढ्यावर भागत नाही. कोणाची तरी परवानगी लागते. ही परवानगी कोणाची आणि का, हा प्रश्न वाटतो तितका आधुनिक नाही. मराठ्यांच्या राजधानीतल्या सर्वांत प्रसिद्ध घराच्या पायापासून तो चालत आलेला आहे, आणि आज त्याच घराच्या आसपास राहणाऱ्या शेकडो कुटुंबांच्या डोक्यावर तो लटकत आहे. नोकरीनिमित्त दूरदेशी असलेल्या आपणांपैकी अनेकांचा गावाकडील एखाद्या जुन्या घरात लहानमोठा हिस्सा असतोच. म्हणून या प्रश्नाचा इतिहास जरा तपशिलाने पाहणे अस्थानी होणार नाही.

मी राहतो ते राजाजीनगर स्वातंत्र्यानंतर आखून वसविलेले. चक्रवर्ती राजगोपालाचारींचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत आरंभी बैठी घरे होती. आता एकेका भूखंडावर तीन-तीन, चार-चार मजले उभे आहेत. येथे मजला चढविणे हा नकाशा, शुल्क आणि शेजाऱ्याचा उजेड यांच्यापुरता प्रश्न आहे. घराला वय नाही, म्हणून त्याला इतिहासाची अडचणही नाही. पण येथून काही मैलांवर, कृष्णराजेंद्र मार्केटजवळ, बंगळूरच्या जुन्या किल्ल्याचा एक दरवाजा उभा आहे. त्याचे नाव ‘दिल्ली दरवाजा’. हे नाव कानी पडताच कोणाही पुणेकराला दुसरा एक दिल्ली दरवाजा आठवल्यावाचून राहत नाही, आणि आपल्या विषयाचा आरंभही तेथूनच होतो.

थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला तो १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी; वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ रोजी, तोही शनिवारच. खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या रानातले, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीकडचा. हे सर्व हिशेबात बसते. हिशेबात न बसणारी गोष्ट पुढची आहे. पेशवा हा छत्रपतींचा प्रधान, आणि छत्रपती साताऱ्यास. प्रधानाने धन्याच्या राजधानीपासून दूर, आपल्या जहागिरीत, तट-बुरुजांचे घर बांधावे, हे साताऱ्याच्या दरबारात सर्वांस रुचले नसल्यास नवल नाही. असे सांगतात की, संपूर्ण दगडी इमारत उठविणे हा राजाचा मान, प्रधानाचा नव्हे, अशी तक्रार शाहू महाराजांकडे गेली, आणि म्हणूनच दगडी जोत्यावरचे पुढचे काम विटांचे झाले. दुसरी आख्यायिका दिल्ली दरवाजाची. उत्तरेस तोंड करून एवढा मोठा दरवाजा उभारणे म्हणजे दिल्लीच्या पातशहास आव्हान देणे, असे महाराजांना वाटले व त्यांनी हरकत घेतली.

या कथांचा प्रत्येक शब्द कागदावर सिद्ध करता येईल असे नाही. पण त्यांच्या पोटात जे तत्त्व आहे ते खरे आहे. शाहू महाराजांचे बालपण व तारुण्य, १६८९ पासून १७०७ पर्यंतची अठरा वर्षे, मोगलांच्या छावणीत गेले होते. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणलेल्या चौथाई-सरदेशमुखीच्या व स्वराज्याच्या सनदांवर त्यांच्या राज्याची कायदेशीर बैठक उभी होती. अशा राजाला दरवाजाचे तोंड कोणीकडे आहे याचा अर्थ कळत होता. त्याचा नकार लहरी नव्हता. त्यामागे एक राजनीती होती. बाजीरावांनी १७३७ साली प्रत्यक्ष दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारली, तरी घराच्या दरवाजाच्या बाबतीत मात्र ते धन्याच्या शब्दाबाहेर गेले नाहीत, असेच परंपरा सांगते. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले. त्यानंतर नानासाहेबांच्या काळात तट पुरा झाला आणि दिल्ली दरवाजा आपल्या सगळ्या खिळ्यांनिशी उत्तरेकडे पाहत उभा राहिला. म्हणजे आज ज्या दरवाजाची छायाचित्रे शनिवारवाड्याची खूण म्हणून सर्वत्र दिसतात, तो मूळ घराचा भाग नव्हे. परवानगीवाचून वीस वर्षे अडकलेली ती एक वाढीव बाब आहे!

एवढ्यावरच ही वाढ थांबली नाही. ज्याला आपण ‘शनिवारवाडा’ म्हणून ओळखतो तो नऊ बुरूज, पाच दरवाजे, निरनिराळे चौक व अनेक मजले यांचा पसारा बाजीरावांच्या १६,११० रुपयांत झालेला नाही. गणपती रंगमहाल नानासाहेबांच्या कारकिर्दीतला. हजारी कारंजे सवाई माधवरावांच्या काळातले. वाड्याच्या एका कोपऱ्यात मस्तानीचा महाल होता. त्या वाढीव महालाला राजाची हरकत नव्हती, हरकत होती ती घरातल्याच माणसांची, आणि ती कोणत्याही राजाज्ञेहून अधिक कठोर ठरली. तो महाल राहिला नाही. तेथील दरवाजाला मात्र अजून तिचे नाव आहे. घरात काय वाढवावयाचे याची खरी परवानगी कोण देतो, याचा हा एक वेगळाच दाखला म्हणावा लागेल.

राजाची परवानगी ही एक पायरी झाली. दुसरी पायरी शहराची. पेशवाईतल्या पुण्यात पेठा वाढू लागल्या तशी कोतवालाची कचेरी महत्त्वाची झाली. कोतवाल म्हटले की चोर, रात्रीची तोफ आणि घाशीराम एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते; वस्तुतः रस्ते, गल्ल्या व घरे यांची देखरेख आणि स्थावराच्या खरेदीविक्रीची नोंद हेही त्याच्या कामाचे मोठे अंग होते. गल्लीत पुढे आलेली पायरी, शेजाऱ्याच्या भिंतीत घुसविलेली तुळई, पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, हे तंटे कोणत्याही दाट वस्तीत अपरिहार्य असतात. येथे प्रश्न मानाचा नसून शेजाराचा होता. इंग्रजी अमलात नगरपालिका आल्या आणि कोतवालाच्या कामाचा हा भाग त्यांच्याकडे गेला. राजाजीनगरात आज नकाशा मंजूर करून घेणारा गृहस्थ त्याच परंपरेतला अर्जदार आहे, हे त्याला ठाऊक नसले तरी.

तिसरी पायरी मात्र अगदी नवी आहे. तीत परवानगी मागावयाची ती राजाकडे नव्हे, शेजाऱ्याकडेही नव्हे; ती काळाकडे मागावयाची. जुने ते जतन करण्यासारखे आहे, ते सर्व राष्ट्राचे आहे, आणि म्हणून त्याच्या धन्यालाही त्यात मनास येईल तो फेरफार करता येणार नाही, ही कल्पना आपल्याकडे विसाव्या शतकात कायद्याच्या रूपाने आली. तोपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले; १८२८ च्या आगीत आतल्या लाकडी इमारती जळाल्या; उरलेल्या जागेचा उपयोग सरकारने आपल्या निरनिराळ्या सोयींसाठी केला. १८७९ च्या मे महिन्यातल्या आगीत बुधवारवाडा नाहीसा झाला व विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला. विश्रामबाग पुढे लोकांच्या व नगरपालिकेच्या पैशाने पुन्हा उभा राहिला. बुधवारवाडा राहिला नाही. एकाच संकटातून एक घर वाचते व दुसरे जाते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की एकाचा कोणाला तरी उपयोग होता.

१९०४ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला, आणि राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आली. आज अशा स्मारकांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक आहे. स्मारकाला हात लावू नये, इतकेच म्हणून भागत नाही, त्याच्या अंगावर इमारती येऊ नयेत, हेही पाहिले पाहिजे, या विचाराने १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित ठरविला गेला. पुढे पुढे अपवाद वाढू लागले. प्रतिबंधित पट्ट्यातही एका तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून परवानग्या दिल्या जात. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या पद्धतीला कायद्याचा आधार नाही असे ठरविले, आणि २०१० मध्ये संसदेने मूळ कायद्यात दुरुस्ती करून दोन्ही पट्टे थेट कायद्यातच घातले व राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन केले. आता प्रतिबंधित पट्ट्यात बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कारकुनाच्या नजरेला कायद्यात सर्वप्रथम व्याख्या दिसतात, आणि येथे सर्व मर्म व्याख्यांतच आहे. ‘बांधकाम’ म्हणजे नवी इमारत एवढेच नव्हे. असलेल्या इमारतीला उभी किंवा आडवी दिलेली कोणतीही वाढ हीदेखील बांधकामच होय. म्हणजे माडीवरची खोली आणि चौकाची पडवी ही दोन्ही त्यात आली. ‘पुनर्बांधणी’ म्हणजे असलेली इमारत पूर्वीच्याच लांबीरुंदीत व उंचीत पुन्हा उभी करणे. आणि ‘दुरुस्ती व नूतनीकरण’ म्हणजे असलेल्या इमारतीत केलेले असे फेरफार की ज्यांत बांधकामही नाही आणि पुनर्बांधणीही नाही. पहिल्या १०० मीटरांत, १९९२ च्या त्या तारखेपूर्वी असलेल्या घराच्या मालकाला मागता येते ती केवळ या शेवटल्या प्रकाराची परवानगी. पुढच्या २०० मीटरांत तिन्ही गोष्टी मागता येतात. पण त्या मिळतीलच असे नाही. सक्षम अधिकाऱ्याने अर्ज पंधरा दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवावा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत बांधकामाचा स्मारकावर काय परिणाम होईल ते कळवावे, आणि त्यानंतर महिन्याभरात अधिकाऱ्याने निर्णय द्यावा, अशी मुदत आहे. नकार द्यावयाचा तर अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेऊन लेखी द्यावयाचा. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. किंबहुना आपल्या अनेक कचेऱ्यांना हेवा वाटावा इतकी ती नेटकी आहे.

आता हा कायदा शनिवारवाड्याभोवती ठेवून पाहू. १०० मीटरांची मोजणी बुरुजापासून नव्हे, तर संरक्षित हद्दीच्या कडेपासून होते. ती कसबा, शनिवार, बुधवार या पेठांच्या ऐन वस्तीत जाऊन पोचते. ही वस्ती काही स्मारकानंतर आलेले अतिक्रमण नाही. वाडा वसला म्हणून पेठा भरल्या, आणि कसबा तर वाड्याहूनही जुना. येथील घरांनी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा पूर पाहिला. नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या व कच्च्या विटांच्या भिंती त्या दिवशी पाण्यात विरघळल्या. जे वाडे टिकले त्यांच्यात भाडेकरू आहेत. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा व त्याच्या जागी आलेला १९९९ चा कायदा यांमुळे अनेकांचे भाडे इतके अल्प की, त्यातून कौले चाळणेही होत नाही. जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचा पुण्यात सर्वत्र रूढ झालेला मार्ग म्हणजे तो पाडून मजले वाढवावयाचे आणि त्या वाढीव मजल्यांच्या किमतीतून भाडेकरूंस जागा द्यावयाची. हा मार्ग १०० मीटरांच्या आत पूर्ण बंद आहे. वाढ नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पावसाळ्यात कोणती भिंत बसेल याचा नेम नाही.

माझ्या एका आप्तांचे घर याच पट्ट्यात येते. वय सत्तरीच्या पुढे, मुले परगावी. त्यांनी मला लिहिले ते असे : ‘तू केंद्र सरकारात आहेस, तुला नस्ती कशी चालते ते ठाऊक. माडी वाढवायची नाही, फक्त संडास वर घ्यायचा आहे. तुझ्या काकूला जिना उतरवत नाही. एवढ्याला किती कागद लागतील?’ माझे खाते निराळे, शहर निराळे. पण या एका वाक्यात सगळा प्रश्न आलेला आहे. वर घेतलेला संडास ही दुरुस्ती की वाढ? असलेल्याच खोलीत, असलेल्याच उंचीत बसविला तर ती दुरुस्ती म्हणून मागता येते. गच्चीवर चार भिंती घालून बसविला तर ती उभी वाढ होते, आणि तिला परवानगी नाही. सत्तर वर्षांच्या बाईचे गुडघे व्याख्येच्या या रेषेवर अडलेले असतात. मी त्यांना पहिला मार्ग सुचविला व त्याप्रमाणे मोजमापाचा नकाशा काढून ठेवण्यास सांगितले.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, मग हा कायदाच मोडीत काढावा. तसे मला वाटत नाही, आणि त्याचे कारणही इतिहासातच आहे. ज्यांनी एखादे जुने स्मारक चारी बाजूंनी उंच इमारतींच्या विहिरीत बुडालेले पाहिले आहे, त्यांना १०० मीटर हा आकडा जाचक वाटला तरी निरर्थक वाटणार नाही. अपवाद करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या दारी अपवादांची रांग लागते. २००९ पूर्वीचा अनुभव हेच सांगतो. शिवाय नियम सर्वांना सारखा असला म्हणजे मोठ्यांसही वाकावे लागते. पुण्याच्या मेट्रोचा मार्ग आगाखान पॅलेसच्या सान्निध्यामुळे बदलून कल्याणीनगराकडून न्यावा लागला, हे अलीकडचे उदाहरण आहे. ज्या नियमापुढे आगगाडी वळते, तो केवळ गरिबासाठी आहे असे म्हणता येत नाही.

तथापि आगगाडी वळविता येते, वाडा वळविता येत नाही. म्हणून प्रश्न नियम असावा की नसावा हा नाही. सर्व स्मारकांना एकच मोजपट्टी लावावी काय, हा आहे. माळरानावरच्या एकाकी देवळाभोवतीचे १०० मीटर आणि पुण्याच्या पेठेतले १०० मीटर ही एकच गोष्ट नव्हे. २०१० च्या दुरुस्तीने याचे उत्तर स्वतःच सुचवून ठेवले आहे : प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करावेत, त्यांत इमारतींची उंची, दर्शनी बाजू, रस्ते, गटारे, विजेचे खांब या सर्वांचा विचार व्हावा. पण हजारो स्मारकांपैकी असे उपविधी मोजक्यांचेच झाले. शिवाय पहिल्या १०० मीटरांतली बंदी उपविधीनेही उठत नाही. तिच्यासाठी कायद्यालाच पुन्हा हात लावावा लागेल.

जुन्या वास्तूला वाढ द्यावी कशी, याचा विचार जगाने बराच केला आहे. १९६४ साली व्हेनिस येथे जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी जी सनद तयार केली, तिचा आशय असा की, वास्तूवर उमटलेल्या सर्व काळांच्या खुणांचा आदर करावा. वाढ करावयाचीच तर ती वास्तूच्या शोभेला व तिच्या परिसराशी असलेल्या नात्याला बाध आणणारी नसावी. आणि नवे काम नवे म्हणून ओळखू यावे, जुन्याचे सोंग आणू नये. इंग्लंडात १९४७ च्या नगररचना कायद्यापासून ऐतिहासिक इमारतींची यादी होते. आता तीत सुमारे चार लक्ष नोंदी आहेत. यादीत नाव आले म्हणजे वाढ बंद झाली असा अर्थ तेथे होत नाही. वाढीपूर्वी संमती घ्यावयाची असा होतो. घराच्या दर्जाप्रमाणे संमती सैल वा कडक असते. आपल्याकडे मुंबईने १९९५ साली याच वाटेने जाऊन वारसा वास्तूंची नियमावली केली व इमारतींच्या श्रेणी पाडल्या. पहिल्या श्रेणीत फेरफार जवळजवळ नाहीच. दुसरीत आतून काही करता येते. तिसरीत पुष्कळ करता येते. म्हणजे ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये ‘इतके चालेल’ असेही एक उत्तर असू शकते, हे मान्य झाले.

आपल्या बंगळुरातही या मधल्या उत्तराचा एक ठळक नमुना आहे. कब्बन पार्कच्या कडेला लाल रंगाची जी भव्य इमारत दिसते, तिला लोक ‘अठारा कचेरी’ म्हणत आले. मराठी वाचकाला या नावाचा अर्थ सांगावयास नको. टिपू सुलतानाच्या वाड्यात दाटीवाटीने चाललेल्या सरकारी कचेऱ्यांसाठी १८६४ ते १८६८ या काळात ही बांधली गेली. आता तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी जागा अपुरी पडते म्हणून ती पाडून नवी बांधावी, असा सरकारचा विचार झाला. नागरिकांनी हरकत घेतली, प्रकरण न्यायालयापुढे गेले, वृत्तपत्रांत वाद झडले, आणि शेवटी जुनी इमारत राहिली. जागेची गरज तर खोटी नव्हती. ती वाढ पाठीमागच्या अंगाला देऊन भागविण्यात आली. विधानसौधाकडून येणाऱ्याला आजही समोर एकोणिसाव्या शतकाचेच दर्शन होते. पाडणे आणि गोठविणे यांखेरीज तिसरा मार्ग असतो, तो हा.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही येथेच आहे. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे वास्तव्य या शहरात झाले. पुण्याचा लाल महाल ज्यांनी उभारला त्यांचे बंगळुरातले घर कोठे होते ते बोट ठेवून दाखविता येईल असा एक दगडही आज उरलेला नाही. पुण्यातला मूळ लाल महालही गेला. आज दिसतो तो गेल्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधलेला आहे. त्या काळी ना कोणी परवानगी मागितली, ना कोणी नाकारली. घरे निमूटपणे नाहीशी झाली. परवानगीच्या कटकटीचा कंटाळा आला म्हणजे या रिकाम्या जागांकडे पाहावे. जेथे विचारणारा कोणीच नसतो, तेथे काही उरतही नाही.

शनिवारवाड्याची कथा मला म्हणूनच उद्बोधक वाटते. शाहू महाराजांनी नकार दिला असेल, पण त्याला कारण होते आणि ते ज्याला दिले त्याला समजण्यासारखे होते. कालांतराने ते कारण उरले नाही, तेव्हा दरवाजाही झाला. परवानगी देणाऱ्याने कारण सांगावे, आणि कारण संपले की नकारही संपावा, एवढी माफक अपेक्षा आजच्या नागरिकाने ठेवली तर ती अवाजवी नाही. जो वाडा स्वतः चार पेशव्यांच्या वाढींनी वाडा झाला, त्याच्या रक्षणासाठी शेजारच्या वाड्यांनी कायमचे जीर्ण होत राहावे, हे त्या वाड्याच्या इतिहासाशीही सुसंगत नाही. उंची मर्यादित ठेवावी, दर्शनी बाजू जुन्या वळणाची असावी, पाया खणताना पुरातत्त्वज्ञ हजर असावा, भाडेकरूंच्या पुनर्वसनाचा भार केवळ मालकावर न टाकता सरकारने उचलावा. अशा अटींवर या घरांना श्वास घेऊ देणे अशक्य नाही. स्मारकाचा शेजार हा राष्ट्राच्या उपयोगाचा आहे, तर त्याची किंमत एकट्या शेजाऱ्यानेच का मोजावी?

तोपर्यंत, ज्यांचे घर किंवा घराचा हिस्सा अशा पट्ट्यात आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दिवस १६ जून १९९२ हा आहे. त्या दिवशी आपले घर किती लांब, किती रुंद व किती उंच होते, हे सिद्ध करणारा कागद ज्याच्यापाशी आहे त्याचे म्हणणे ऐकले जाते. म्हणून नगरभूमापनाचा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेची बिले, लग्नाच्या दिवशी दारात काढलेली छायाचित्रे, हे सर्व एकत्र करून त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक गावी ठेवावी, एक आपल्यापाशी. सुटीत घरी जाल तेव्हा एक दिवस फीत घेऊन प्रत्येक खोली मोजावी व नकाशावर भावाभावांच्या सह्या घ्याव्यात. हिस्सेदार दूर आणि कागद अपुरे, या दोन कारणांनी जितके अर्ज पडून राहतात, तितके क्वचितच कशाने राहत असतील. घर पडल्यावर मोजावयास काही उरत नाही.